सिरियम: तीन की चार?

दर्यापूरच्या बाजारात कुठेही मिळणारा एलईडी बल्ब उघडला, की आत पिवळ्या लेपाचे ठिपके दिसतात. चिप निळीच उजळते. त्यातल्या काही निळ्याचे पिवळे करतो तो लेपातला सिरियम, आणि दोन्ही मिसळून पांढरा उजेड पडतो. अट एकच: सिरियमने तीनच इलेक्ट्रॉन गमावलेले असावेत. चार गमावले, तर पिवळ्याचे नाव नको.

तीन की चार, हे क्ष-किरणांना विचारावे लागते. त्यांची ऊर्जा वाढवत नेली, की ५७२३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास सिरियम ते एकदम गिळू लागतो. या उडीची जागा आणि आकार अणूची स्थिती सांगतात. घोडे अडते ते धूसरपणापाशी. किरण गिळताना अणूच्या आत रिकामी झालेली जागा लगेच भरते, म्हणून सिरियमसारख्या दुर्मिळ मृदा-मूलद्रव्यांच्या या उडीत तीन-चार इलेक्ट्रॉनव्होल्टचा पसारा येतो. १९९१मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत डिस्प्रोसियम या अशाच मूलद्रव्यावर काम करताना यावर तोड निघाली: अणूतून परत निघणाऱ्या किरणांतली एकच रेषा वक्र स्फटिकाने वेचून मोजायची. पसारा आटला, आणि त्याखाली दडलेले बारीक शिखर वर आले.

वक्र स्फटिकांचे विदर्भाशी जुने नाते आहे. वर्णपट घेण्यासाठी ते वापरणाऱ्या पॅरिसच्या इव्हेत कोशुआ यांच्याकडे शिकलेले चिंतामणी मांडे यांनी नागपूर विद्यापीठात क्ष-किरण वर्णपटाचे संशोधन रुजवले.

आज क्ष-किरण शोषण मोजायला सातपुड्यापलीकडे, इंदूरला १७२.५ मीटर घेराचे इंडस-२ हे क्ष-किरण देणारे वर्तुळाकार यंत्र आहे. विद्यापीठांतल्या संशोधकांना प्रस्ताव पाठवून तिथे वेळ मागता येतो. वऱ्हाडातल्या एमएस्सीच्या मुलामुलींनी मार्गदर्शकांच्या मागे लागून तो मागावाच.