मीटरभर विमान, दहा बाय बाराची खोली

2083 पीसेस, वर्गणी काढणारे सहा जण, प्रत्यक्ष बांधणारे तिघं आणि लालबागच्या चाळीतली एक खोली. लेगोचं कॉन्कॉर्ड बांधून बघितलं, त्याचा हा हिशेब.

सगळ्यात आधी घरातली टेप शोधा आणि कपाटाच्या वरची जागा मोजा. एक मीटर लांब आणि साधारण त्रेचाळीस सेंटिमीटर रुंद अशी रिकामी जागा सापडली, तर पुढचं वाचा. नाही सापडली तरी वाचा, कारण आम्हालाही सापडली नव्हती. मित्राच्या घरी कपाटाच्या वर आधीच दोन सुटकेसेस, गाद्यांचा गठ्ठा आणि गणपतीच्या मखराचं सामान असतं. तुमच्याकडेही वेगळं काही नसणार.

तर सेटबद्दल. लेगोचा नंबर 10318, सप्टेंबर 2023 मध्ये बाजारात आला. खोक्यावर वय लिहिलंय 18 प्लस, म्हणजे कंपनीच्या मते हा तुमच्या-आमच्यासाठीच आहे, धाकट्या भावासाठी नाही. अमेरिकेतली किंमत 199.99 डॉलर. रुपयांत करून बघा आणि पाणी प्या. भारतात आयात होऊन येताना ती आणखी फुगते, कारण परदेशी खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेली आणि 2023 मध्ये 70 वर. देशी खेळणी उद्योगाला आधार म्हणून हे केलं गेलं आणि त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. पण हजार-दोन हजार पीसेसचा, मोठ्या मुलांसाठी म्हणून बनवलेला असा सेट देशी दुकानात मागून बघा. दुकानदार तुम्हाला अबकडचे ब्लॉक्स दाखवेल.

आमचा सेट मित्राच्या आतेभावाने अमेरिकेहून येताना आणला. खोका बॅगेत मावेना, म्हणून त्याने तो चपटा केला आणि आतल्या पिशव्या जीन्समध्ये गुंडाळून आणल्या. तिकडचा टॅक्स धरून साडेसतरा हजारांच्या आसपास पडला. सहा जणांत वर्गणी काढली, माणशी तीन हजारांच्या आत. लालबागमध्ये वर्गणी काढणं कुणाला शिकवावं लागत नाही. आम्ही पावतीपुस्तकही काढणार होतो, पण एका काकांनी दटावलं.

बांधायला सहा रात्री लागल्या. दिवसा शक्यच नव्हतं, कारण त्या खोलीत दिवसा पाच माणसं राहतात. रात्री जेवणं उरकली, की चटई टाकायची, नंबर घातलेली एक पिशवी फोडायची, पीसेस स्टीलच्या ताटांत रंगाप्रमाणे लावायचे. ‘रंगाप्रमाणे’ हा शब्द मोठ्या आशेने वापरला होता. कॉन्कॉर्ड पांढरं असतं. ताटात पांढरे, वाटीत पांढरे, चटईवर सांडलेलेही पांढरे. दुसऱ्या रात्रीपर्यंत डोळे दुखायला लागले. हा या सेटचा पहिला दोष आणि तो लपवण्यात अर्थ नाही. बाजूबाजूचे, जेमतेम अर्ध्या बोटाएवढे फरक असलेले पांढरे तुकडे ट्यूबलाइटखाली शोधणं हे वैतागाचं काम आहे. एक तुकडा मोरीत गेला, तो मित्राच्या आईने सकाळी घासताना शोधून दिला. “हे तुमचं विमान,” एवढंच म्हणाली.

पण पांढरेपणाला कारण आहे आणि ते कळल्यावर राग जरा कमी झाला. खरं कॉन्कॉर्ड आवाजाच्या दुपटीहून थोड्या जास्त वेगाने, ताशी दोन हजार किलोमीटरच्या वर उडायचं. एवढ्या वेगात हवेशी घासून आणि दाबून विमानाचं बाहेरचं कवच इतकं तापायचं, की नाकाच्या टोकाशी तापमान शंभर अंशांच्या पलीकडे जायचं आणि अख्खं विमान उड्डाणात 15 ते 25 सेंटिमीटर लांब व्हायचं. उष्णता परत फेकता यावी म्हणून त्याला खास चकाकता पांढरा रंग होता. फिजिक्सच्या पुस्तकात ‘थर्मल एक्स्पान्शन’च्या धड्यात रेल्वेचे रूळ असतात. त्याऐवजी हे विमान टाकलं असतं, तर आमच्यातल्या एकाची एटीकेटी टळली असती.

आता सेटमधल्या सगळ्यात भारी गोष्टीकडे येऊ. विमानाच्या पोटात एक यंत्रणा आहे. शेपटीकडचं टोक हाताने फिरवलं, की पोटातून जाणाऱ्या दांड्यांमार्फत पुढची आणि मागची चाकं एकदमच खाली येतात. उलट फिरवलं, की आत जातात. मोटर नाही, बॅटरी नाही. ही यंत्रणा एकदा वरून बंद झाली, की दिसत नाही, म्हणून बांधतानाच नीट बघून घ्या. आम्ही तिसऱ्या रात्री एक जोड अर्धवट बसवला होता. पाचव्या रात्री शेपूट फिरवली, तर मागची चाकं बाहेर आणि पुढचं आत. मुंबईच्या लोकलसारखं, अर्धी गाडी प्लॅटफॉर्मला आणि अर्धी बाहेर. दोन तासांचं काम उकललं. शिव्या दिल्या. मग परत जोडलं. खरं सांगायचं तर त्या दोन तासांत जेवढं शिकलो, तेवढं बाकीच्या पाच रात्रींत नाही, कारण पुस्तकात ‘चुकलं तर काय’ हे पान नसतं.

नाकही हलतं. खऱ्या कॉन्कॉर्डचंही हलायचं. त्याचे पंख त्रिकोणी. असे पंख प्रचंड वेगात उत्तम, पण कमी वेगात उतरताना विमानाला नाक बरंच वर करून यावं लागायचं आणि मग पायलटला समोरची धावपट्टीच दिसायची नाही. यावर उपाय काय? नाकच खाली झुकवायचं. इतकं साधं आणि इतकं विचित्र! मॉडेलमध्ये ते बोटाने वाकवता येतं. चाळीतल्या पोरांनी पहिल्या दिवशी ते एवढ्या वेळा वाकवलं, की आम्ही मोजणं सोडून दिलं.

इथे तुम्ही विचाराल, या फ्रेंच-ब्रिटिश विमानाचा आणि आपला संबंध काय? थोडा आहे. एअर इंडियाने 1966 मध्ये दोन कॉन्कॉर्ड घेण्याचा हक्क राखून ठेवला होता. 1972 मध्ये विक्रीसाठी जगभर दाखवत फिरताना हे विमान मुंबईतही उतरलं. 1975 मध्ये एअर इंडियाने माघार घेतली. त्या सुमारास जगातल्या बहुतेक कंपन्यांनी तेच केलं, कारण तेल महागलं होतं आणि हे विमान तेल पिण्यात कुणाला हार जाणारं नव्हतं. शेवटी ब्रिटिश आणि फ्रेंच कंपन्यांनीच ते चालवलं, तेही फक्त 14 विमानं. पुढे लंडनहून बहारिनमार्गे सिंगापूरला जाणारी सेवा सुरू झाली, तेव्हा भारताने आपल्या हद्दीवरून आवाजापेक्षा जास्त वेगाने उडू दिलं नाही. वेगच नाही तर कॉन्कॉर्ड कशाला? 1980 मध्ये ती सेवा बंद पडली. चाळीतले एक काका विमानतळावर नोकरीला होते. त्यांनी मॉडेलकडे बघून एवढंच विचारलं, “आपलं जंबो नाही का मिळत यात?”

तो प्रश्न डोक्यात बसला. नाही मिळत. एअर इंडियाचं पहिलं जंबो ‘सम्राट अशोक’ 1971 मध्ये आलं. त्याच्या प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगात महालाच्या झरोक्यासारखी महिरप रंगवलेली होती. तेच विमान 1 जानेवारी 1978 च्या रात्री सांताक्रूझहून उडाल्यावर थोड्याच वेळात वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं. 213 माणसं गेली. मुंबईतल्या एका अख्ख्या पिढीला ते विमान या दोन्ही कारणांनी आठवतं. डेन्मार्कमधल्या कंपनीने त्याचा सेट काढावा, अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. पण लाल महिरपीच्या खिडक्या ब्रिक्समध्ये कशा बसतील, यावर आमची दीड तास चर्चा झाली. कॉन्कॉर्ड बांधताना एवढी चर्चा कधीच झाली नव्हती.

आणि इथेच या सेटबद्दलची माझी खरी तक्रार आहे. तुम्ही गिरगावात, दादरला, परळला वाढला असाल, तर दिवाळीत किल्ला केलाच असेल. माती कुठून आणायची इथून भांडण सुरू. बुरूज ढासळतो, गोणपाट कमी पडतं, विहीर कुठे खणायची यावर दोन गट पडतात आणि शिवाजी महाराजांना सिंहासनावर बसवेपर्यंत कुणालाच माहीत नसतं, की हे शेवटी दिसणार कसं. त्याला पुस्तिका नसते. लेगोच्या सेटला जाडजूड पुस्तिका असते आणि तीत प्रत्येक पायरी इतकी स्वच्छ काढलेली, की तुम्ही चुकलात तर दोष तुमचाच. हात चालतात, डोकं आराम करतं. परीक्षेच्या दिवसांत हा आराम मला हवासा वाटला, हेही खरं. पण साडेसतरा हजारांत आराम विकत घ्यायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

गंमत म्हणजे मूळ कल्पना अगदी उलट होती. ओले कर्क क्रिस्तियानसन या सुताराने 1932 मध्ये डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. त्याच वर्षी 15 ऑक्टोबरला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन, वाटेत अहमदाबादला थांबून, छोट्या पस मॉथ विमानातून जुहूला उतरले होते. आज ज्या रूपात आपण ब्रिक ओळखतो, तिचं पेटंट 1958 चं. आठ टोप्यांच्या फक्त सहा ब्रिक्स घ्या. त्या एकमेकींना जोडण्याचे प्रकार होतात 91 कोटींहून जास्त! म्हणजे सहा तुकड्यांत एवढं स्वातंत्र्य आणि 2083 तुकड्यांत एकच विमान. आणखी एक: ओलेचा मुलगा गॉडफ्रेडने कंपनीच्या सोयीसाठी गावाजवळ स्वतःची धावपट्टी केली आणि 1964 मध्ये तिथे सार्वजनिक विमानतळ सुरू झाला. खेळण्यांमुळे विमानतळ मिळालेलं दुसरं गाव मला तरी माहीत नाही.

दर्जाबद्दल वाद नाही. ब्रिक्सच्या मापात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकाच फरक चालतो, म्हणून 1958 ची ब्रिक आजच्या ब्रिकला घट्ट बसते. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास मिळणारी स्वस्त नक्कल घेऊन बघितली आहे. छोट्या घराला चालते, पण मीटरभर लांबीच्या विमानात प्रत्येक जोड केसभर सैल असला, की मधूनच पोट सुटतं. नक्कल घेतलीच, तर निदान बीआयएसचा शिक्का बघा. जानेवारी 2021 पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे.

बजेट नसेल, तर माझा सल्ला सरळ आहे. लेगोचाच 31126 नंबरचा ‘सुपरसॉनिक जेट’ शोधा. 215 पीसेस. त्याच तुकड्यांतून जेट, हेलिकॉप्टर किंवा बोट होते. मोडायचं आणि दुसरं करायचं, हेच त्याचं काम. नाहीतर ‘स्टुडिओ’ हे ब्रिक्सने डिझाइन करायचं सॉफ्टवेअर फुकट उतरवा आणि लॅपटॉपवर ‘सम्राट अशोक’ बांधा. जागाही लागत नाही, आईही ओरडत नाही.

आणि ‘मॉडेलबिडेल ठीक आहे, खरं विमान कोण बांधतंय’ असं म्हणणारा एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला कॅप्टन अमोल यादव यांच्याबद्दल सांगा. या वैमानिकाने कांदिवलीत राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. कित्येक वर्षं लागली. मग क्रेनने ते खाली उतरवलं आणि फेब्रुवारी 2016 मध्ये बीकेसीत ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. त्यानंतरही नोंदणीसाठी झगडावं लागलं, ती 2017 मध्ये झाली. गच्चीवर विमान ठेवायला सोसायटीची परवानगी कशी मिळवली, हे मला त्यांना एकदा विचारायचं आहे. आम्हाला चाळीच्या गॅलरीत सायकल ठेवू देत नाहीत.

मग घ्यावं का हे कॉन्कॉर्ड? एकट्याने घेऊ नका. पैसे असले तरी नको. एकट्याने बांधलं, तर ते सहा रात्रींत संपतं आणि मग कपाटावर धूळ खातं. सहा जणांत घेतलंत, तर निदान भांडण तरी होतं. मॉडेल दिसायला देखणं आहे, त्यात शंका नाही. स्टँडवर नाक वर करून ठेवलं, की उडतंय असंच वाटतं. बांधताना मधले काही तास कंटाळवाणे आहेत, तेव्हा जवळ कटिंग आणि गाणी ठेवा. शेपटीची यंत्रणा बंद करण्याआधी दहा वेळा फिरवून बघा. हे शेवटचं विसरलात, तर दोष माझा नाही.

जागेचा प्रश्न सुटला तो असा. मित्राच्या घरी ते तीन दिवस पलंगावर राहिलं आणि तीन रात्री मित्र जमिनीवर झोपला. चौथ्या दिवशी आईने निकाल दिला. आता ते खाली मंडळाच्या ऑफिसात, क्रिकेटच्या ढाली ठेवलेल्या कपाटाच्या वर आहे. पोरांना हात लावायची परवानगी आहे, पण रांगेने आणि शेपूट एकदाच फिरवायची. लालबागकडे आलात, तर संध्याकाळी सातनंतर या. त्याआधी ऑफिस बंद असतं आणि किल्ली पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे असते. त्यांची मालिका सुरू असेल, तर थांबावं लागेल.