उन्हाचं भाडं : सॅन डिएगो आणि मायामी, १९७२ ते २०२४

१९७२च्या उन्हाळ्यात रिपब्लिकन पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोत भरायचं होतं. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची दुसऱ्या खेपेची उमेदवारी तिथं जाहीर होणार होती. पण आयटीटी कंपनीनं अधिवेशनासाठी देऊ केलेल्या पैशांवरून देशभर गदारोळ झाला, सभागृहाच्या आणि बंदोबस्ताच्या अडचणीही पुढे आल्या, आणि मे महिन्यात पक्षानं मुक्काम हलवला. तो थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्लोरिडातल्या मायामी शहरालगतच्या मायामी बीचला. हिरमुसलेल्या शहराची समजूत काढायला महापौर पीट विल्सन यांनी त्याच ऑगस्टमध्ये ‘अमेरिकेतलं सर्वोत्तम शहर’ असा सप्ताह जाहीर केला. सप्ताह संपला, बिरुद मात्र शहराला कायमचं चिकटलं.

सॅन डिएगो आणि मायामी ही दोन शहरं शेजारी ठेवून पाहावीत, असं मला फार दिवस वाटत होतं. दोन्हीकडे बारमाही ऊन, दोन्हीकडे समुद्र, दोन्हीकडे पैसा. एक मेक्सिकोच्या वेशीला लागून, दुसरं हवानापासून पावणेचारशे किलोमीटरवर. तिथं राहून आलेल्या कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं : सॅन डिएगोची माणसं हसतमुख, मायामीची फटकळ. सॅन डिएगोत पहाटे फिरायला निघालात तर अनोळखी माणूसही हात हलवून पुढे जातो. मायामीत सिग्नल हिरवा होतो न होतो तोच मागची गाडी हॉर्न वाजवते. स्वयंसेवी कामाच्या सरकारी आकडेवारीतही मोठ्या महानगरांमध्ये मायामी वर्षानुवर्षं तळाशी होती. हे सगळं खरं आहे. पण गेल्या पन्नास वर्षांचा हिशेब मांडला, की चित्र एवढं सरळ राहत नाही. शेजारी किती वर्षं शेजारी राहू शकतो यावर शहराची आपुलकी ठरते असं मी मानतो, आणि या दोन्ही शहरांत ते गणित घराच्या किमतीनं विस्कटलं.

सॅन डिएगोची गोष्ट मतपेटीतून घडली. त्याच १९७२च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या मतदारांनी किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात तीस फुटांहून उंच इमारत बांधायला बंदी घातली. किनाऱ्यावर टोलेजंग इमारतींची भिंत उभी राहू नये, समुद्र सगळ्यांना दिसावा, हा हेतू. तो चांगलाच होता आणि समुद्र खरोखर मोकळा राहिला. पण त्या समुद्राजवळ नवी घरं फारशी उभी राहिली नाहीत. मग ६ जून १९७८ला आलं कॅलिफोर्नियाचं प्रपोझिशन १३. घरपट्टी घराच्या मूळ खरेदीकिमतीच्या एक टक्क्यावर बांधली गेली आणि करासाठी धरलेली किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येणार नाही, असं ठरलं. जुन्या मालकांची आधीच्या वर्षांतली किंमतच पाया म्हणून धरली गेली. मुंबईतल्या पागडीच्या चाळीत जुना भाडेकरू आणि कालपरवा आलेला बिऱ्हाडकरू एकाच मजल्यावर किती वेगळे पैसे मोजतात, हे ज्यानं पाहिलंय त्याला सॅन डिएगोतल्या ला होयाच्या एखाद्या गल्लीचं गणित समजावून सांगावं लागणार नाही. एकसारख्या दोन घरांपैकी एकाची घरपट्टी दुसऱ्याच्या दहापट असू शकते.

याचा एक चांगला परिणामही झाला. ज्यांना आत जागा मिळाली, ते टिकले. चाळीस-चाळीस वर्षं एकाच गल्लीत राहिलेली माणसं तिथं आहेत. ती एकमेकांच्या कुत्र्यांना नावानं ओळखतात. शेजारणीच्या शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर डबा पोचवतात. ऑक्टोबर २००७मध्ये वणव्यानं अख्ख्या काउंटीला वेढलं, लाखो लोकांना घरं सोडावी लागली आणि दहा हजारांहून अधिक माणसं फुटबॉलच्या स्टेडियममध्ये आसऱ्याला आली. तेव्हा सॅन डिएगोकर इतके धावून आले, की अन्न, पांघरुणं आणि मदतीचे हात गरजेपेक्षा जास्त झाले. असं शहर कोरड्या मनाचं म्हणता येणार नाही.

प्रश्न आहे दाराबाहेर राहिलेल्यांचा. १९८५मध्ये तिथं क्वालकॉम ही दूरसंचार कंपनी सुरू झाली. साल्क इन्स्टिट्यूट आणि १९६०मध्ये स्थापन झालेलं विद्यापीठ आधीपासून होतंच, त्यांच्याभोवती जैवतंत्रज्ञानाच्या कंपन्या वाढल्या. नव्वदच्या दशकापासून पुण्या-मुंबईहून शिकून गेलेले कितीतरी अभियंते मीरा मेसा, रँचो पेनास्किटोस, कार्मेल व्हॅली इथं स्थिरावले. शाळांची सभागृहं भाड्यानं घेऊन तिथं गणपती बसू लागले. जे लवकर गेले त्यांनी घरं घेतली. ज्यांना पंधरा वर्षं उशीर झाला, ते आजही भाड्यानं राहतात, आणि भाडं वाढलं की मुलांची शाळा बदलतात. पगार लॉस एंजेलिसपेक्षा कमी आणि घर तेवढंच महाग, या स्थितीला तिथं ‘सनशाइन टॅक्स’ म्हणतात. नोकरी देणारे ते हसत सांगतात आणि घेणारे निमूट भरतात.

अभियंत्यांचं तरी निभतं. शाळेतल्या मदतनीस बायका, हॉटेलातले स्वयंपाकी, आजारी म्हाताऱ्यांची काळजी घेणाऱ्या आया यांच्यापैकी हजारो जणांनी सीमेपलीकडच्या तिहुआनात घर केलं आहे. पहाटे तीन-चारला उठायचं, सॅन इसिद्रोच्या नाक्यावर रांगेत उभं राहायचं, मग ट्रॉली पकडायची. सॅन डिएगोची ही ट्रॉली १९८१ची. नोव्हेंबर २०२१मध्ये तिची निळी मार्गिका विद्यापीठाच्या पुढपर्यंत गेली आणि सीमेवरून निघालेला कामगार गाडी न बदलता शहराच्या श्रीमंत भागात पोचू लागला. ही सोय मला मनापासून आवडते. पण संध्याकाळी तीच गाडी त्यांना परत वेशीवर आणून सोडते. ज्या बाईनं दिवसभर तुमचं मूल सांभाळलं ती तुमची शेजारीण होऊच शकत नाही, आणि तुमचं हसून केलेलं ‘गुड मॉर्निंग’ ही उणीव भरून काढत नाही.

त्याच सीमेवर १९७१मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी पॅट निक्सन यांनी ‘फ्रेंडशिप पार्क’चं उद्घाटन केलं होतं. इथं फार काळ कुंपण राहू नये, अशी इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती. १९९४नंतर सीमेवरचा पहारा कडक होत गेला. एका कुंपणाची दोन झाली, जाळी दाट झाली. २०२०मध्ये अमेरिकेच्या बाजूनं ते मैत्रीचं उद्यान लोकांसाठी बंद झालं.

मायामीत याच काळात काय चाललं होतं? तिथं १९५९नंतर क्युबातून माणसं येत राहिली. १९७३मध्ये मायामी ज्यात येते त्या डेड काउंटीनं स्वतःला अधिकृतपणे द्विभाषिक जाहीर केलं. अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती. मग आलं १९८०. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात क्युबाच्या मारिएल बंदरातून सव्वा लाख क्युबन बोटींनी येऊन उतरले, हैतीहूनही हजारो आले. त्याच मे महिन्यात आर्थर मॅकडफी या कृष्णवर्णीय माणसाच्या मृत्यूप्रकरणी पोलीस निर्दोष सुटले आणि मायामीतली लिबर्टी सिटी ही वस्ती पेटली. नोव्हेंबरमध्ये मतदारांनी द्विभाषिकता रद्द केली. काउंटीचा पैसा इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेवर खर्च करायचा नाही, असा नियम झाला. तो १९९३पर्यंत टिकला. मायामीचा रोखठोकपणा मला या भांडणांतून आलेला दिसतो. तिथं कुणी कुणाला हसून टाळलं नाही, तोंडावर भांडून मग एकत्र राहिले. आज या मायामी-डेड काउंटीतली निम्म्याहून अधिक माणसं परदेशात जन्मलेली आहेत.

आणि तिथली आपुलकी पाहायची तर कॉफीच्या खिडकीशी उभं राहावं. क्युबन उपाहारगृहांना रस्त्याच्या बाजूला ‘व्हेन्तानिता’ असते. काये ओचो या रस्त्यावरचं १९७१चं ‘व्हर्साय’ सगळ्यांत प्रसिद्ध, पण गल्लोगल्ली अशा खिडक्या आहेत. तिथं ‘कोलादा’ मागितली, की दाट, गोड कॉफीचा एक पेला आणि त्याबरोबर अंगठ्याएवढे रिकामे प्लास्टिकचे कप मिळतात. कोलादा एकट्यानं प्यायची नसतेच. कचेरीतून कुणीतरी एक जण येतो, घेऊन जातो आणि सगळ्यांना घोटघोट वाटतो. खिडकीशी उभ्या असलेल्या अनोळखी माणसालाही कप पुढे केला जातो. तेवढ्यात राजकारण, बेसबॉल, कुणाची आई हवानात आजारी आहे, हे सगळं बोलून होतं. स्वयंसेवेच्या सरकारी तक्त्यात हा घोट मोजला जात नाही. नातेवाईकाला वर्षभर आपल्या सोफ्यावर झोपू देणंही मोजलं जात नाही, आणि नव्यानं आलेल्या माणसासाठी मायामीनं नेमकं तेच केलं.

मुंबईकराला मायामी बीच ओळखीची वाटते ती तिथल्या आर्ट डेको इमारतींमुळे. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलभोवतीच्या इमारती उभ्या राहत होत्या, त्याच १९३०च्या दशकात तिथली गुळगुळीत कोपऱ्यांची, छज्ज्यांची हॉटेलं बांधली गेली. सत्तरच्या दशकात ती हॉटेलं कळाहीन झाली होती. त्यांच्या ओसऱ्यांवर खुर्च्या टाकून बसलेली असायची न्यूयॉर्ककडून आलेली वृद्ध ज्यू माणसं, सरकारी पेन्शनीवर जगणारी. खोली स्वस्त, समुद्र समोर, गप्पांना दिवसभर सोबत. श्रीमंत नसलेल्या म्हाताऱ्यांना ऊन परवडत होतं, असा तो काळ. बार्बरा कॅपिटमन यांनी या इमारती वाचवण्यासाठी लढा दिला आणि १९७९मध्ये तो परिसर राष्ट्रीय वारसा यादीत गेला. इमारती वाचल्या, रंगल्या, जगभर गाजल्या. भाडी चढली आणि वीसेक वर्षांत ओसरीवरची ती माणसं दिसेनाशी झाली. मुंबईच्या आर्ट डेको वास्तूंना २०१८मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलं. आपल्याकडे जतनाची चर्चा होते तेव्हा मायामीच्या त्या रिकाम्या खुर्च्यांची आठवण कुणीतरी करून द्यायला हवी.

१९९२मध्ये अँड्र्यू वादळ आलं आणि फ्लोरिडातला घरविम्याचा बाजार कोलमडला. त्याच वर्षी तिथल्या मतदारांनीही राहत्या घराच्या करमूल्यावर वर्षाला तीन टक्क्यांची मर्यादा घातली. थोडक्यात, कॅलिफोर्नियाचाच रस्ता.

खरी उलथापालथ मात्र करोनाकाळातली. डिसेंबर २०२०मध्ये सिलिकॉन व्हॅली मायामीला हलवली तर काय होईल, अशी कल्पना एका गुंतवणूकदारानं ट्विटरवर मांडली आणि महापौर फ्रान्सिस सुआरेझ यांनी तिथंच विचारलं, ‘मी काय मदत करू?’ त्या प्रश्नाचा बोलबाला झाला. राज्याचा प्राप्तिकर नाही, ऊन आहे, कार्यालयात जायची सक्ती नाही. माणसं आली, पैसा आला. २०२२मध्ये सिटाडेल या गुंतवणूक कंपनीनं शिकागोहून मुख्यालय मायामीला नेण्याचं जाहीर केलं, २०२३मध्ये अॅमेझॉनचे जेफ बेझोस आले. भाडी ज्या वेगानं चढली त्या वेगानं देशात फार थोड्या शहरांत चढली असतील. आधीपासून राहणाऱ्यांना महापौरांचा तो प्रश्न कुणी विचारला नाही. मायामीतल्या लिटल हैती या वस्तीची जमीन समुद्रसपाटीपासून जरा उंच आहे. पुराची धास्ती वाढली तसे गुंतवणूकदार तिकडे वळले आणि हैतीहून आलेल्या कुटुंबांना जागा सोडाव्या लागल्या. २४ जून २०२१ला मायामीजवळच्या सर्फसाइडची बारा मजली इमारत कोसळून ९८ जण गेले. त्यानंतर जुन्या इमारतींची तपासणी आणि दुरुस्तीनिधी सक्तीचा झाला, जो व्हायलाच हवा होता. पण पेन्शनीवर जगणाऱ्या फ्लॅटधारकांना सोसायटीच्या वाढीव मागण्यांसाठी घर विकायची पाळी आली. २०२४च्या अखेरीस मायामीजवळच्या स्वीटवॉटरमधल्या फिरत्या घरांच्या वसाहतीतल्या नऊशेच्या आसपास कुटुंबांना जागा रिकामी करायची नोटीस मिळाली. तेव्हा फ्लोरिडाचं किमान वेतन तासाला १३ डॉलर होतं, सॅन डिएगो शहराचं १६.८५. दोन्हीकडे निम्म्याहून अधिक भाडेकरू उत्पन्नाच्या तीस टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घरावर घालवत होते.

‘यूएस न्यूज’नं २०२३-२४ साठी सॅन डिएगोला अमेरिकेतलं सर्वांत महाग शहर ठरवलं. २०२४मध्ये यूबीएस बँकेच्या घरबाजाराच्या फुगवट्याच्या जागतिक यादीत मायामी पहिली आली. मला एकाची निवड करायला सांगितली तर अनोळखी माणसाला सामावून घेण्याचं श्रेय मी मायामीला देईन, फटकळपणासकट. सॅन डिएगोनं आपली चूक ओळखायला सुरुवात तरी केली आहे. परसात ‘ग्रॅनी फ्लॅट’ बांधायला परवानगी मिळाली, २०२२मध्ये मिडवे भागातली तीस फुटांची मर्यादा उठवण्याच्या बाजूनं मतदारांनी कौल दिला. मायामीच्या बाजूनं तेवढंही बोलण्यासारखं नाही. फ्लोरिडानं २०२३मध्ये शहरांचा भाडेनियंत्रणाचा उरलासुरला अधिकारही काढून घेतला.

आपल्या घरांतून मुलं-मुली आजही या शहरांकडे निघतात. त्यांना एवढंच सांगायचं आहे. फ्लोरिडात कर वाचतो म्हणून खूश होण्याआधी घरविमा आणि सोसायटीची वर्गणी विचारा. कॅलिफोर्नियात पगाराचा आकडा पाहण्याआधी भाडं आणि विजेचं बिल विचारा. आणि घर बघायला जाल तेव्हा दलालाला बाजूला ठेवून शेजारचं दार वाजवा. तिथं राहणाऱ्याला विचारा, तुम्ही इथं किती वर्षं आहात आणि पुढच्या वर्षी असाल का?