पंक्चर काढावे की टायर बदलावा?

महिन्याच्या अखेरीस दुचाकीच्या मागील चाकात खिळा शिरला की नोकरदार माणसासमोर जो प्रश्न उभा राहतो, त्याचे उत्तर तो बहुधा खिशाला विचारून देतो. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे शंभर-सव्वाशे रुपयांत काम भागते. नवा टायर घ्यावयाचा तर दोन-अडीच हजारांची तजवीज करावी लागते. साहजिकच पंक्चर काढण्याचा पक्ष जिंकतो. टायरच्या दुकानातील विक्रेता मात्र ‘साहेब, यात आता काही राम राहिलेला नाही’ असे म्हणून भिंतीवर टांगलेल्या नव्या मालाकडे बोट दाखवितो. एकाचा निर्णय त्याचा खिसा करतो, दुसऱ्याचा त्याचा नफा. टायरची अवस्था खरोखर काय आहे, हे पाहण्याची तसदी दोघांपैकी कोणीच घेत नाही. आणि मोटारसायकलला चाके दोनच असल्यामुळे या चुकीचा भार अखेर मागच्या आसनावर विश्वासाने बसलेल्या माणसावर पडतो.

ट्यूबच्या दिवसांत हे पाहणे आपोआप घडत असे. टायर उघडल्याशिवाय ट्यूब बाहेर येणे शक्यच नव्हते. पंक्चरवाला ती फुगवून पाण्याच्या घमेल्यात फिरवी, बुडबुडे आले की तेथे खूण करी, कानशीने जागा खरवडून, सोल्युशन लावून पॅच चिकटवी. परंतु त्याचे खरे काम यानंतर सुरू होई. टायरच्या पोटातून तो आपला हात सावकाश फिरवी आणि रुतून बसलेला खिळा किंवा बाभळीचा काटा शोधून काढी. त्या हाताला टायरचे धागे कोठे तुटले आहेत, कोठे फुगवटा आला आहे, हेही कळत असे. पैसे पंक्चरचे घेतलेले असत, तपासणी फुकटात होई. (स्कूटरवाल्यांची चैन आणखी निराळी. त्यांच्याजवळ स्टेपनी असे. वेल्समधील लानेली गावच्या स्टेप्नी रस्त्यावर १९०४ च्या सुमारास जन्मलेल्या जादा चाकाने त्या रस्त्याचे नाव आपल्या बोलीत असे काही रुजविले, की ते परके आहे असे आज कोणास वाटतही नाही.)

ट्यूबलेस टायर आले आणि एक मोठी सोय झाली. ट्यूबला भोक पडले तर हवा चाकातील फटींमधून झपाट्याने निघून जाते. वेगात असताना पुढचे चाक असे अकस्मात बसले तर स्वाराला सावरण्यास अवधी मिळत नाही. ट्यूबलेस टायरमध्ये शिरलेला खिळा स्वतःच बुचासारखा बसतो आणि हवा हळूहळू उतरते. ही सुधारणा खरी आहे, तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र तिने पंक्चर काढण्याची रीतच पालटून टाकली. आता चाक गाडीवरून उतरविण्याचीही गरज राहिलेली नाही. खिळा उपटावयाचा, भोक सळीने खरवडावयाचे, चिकट दोरीची पट्टी बाहेरून आत ढकलावयाची, उरलेले टोक कापावयाचे. पाच मिनिटांत गाडी रस्त्यावर. या पाच मिनिटांत टायरचे पोट कोणी पाहत नाही. सुरक्षिततेसाठी आलेल्या सुधारणेने सुरक्षिततेची एक जुनी सवय मोडली, ती अशी.

आत काय पाहावयाचे असते? हवा कमी असलेल्या टायरवर गाडी किलोमीटर-दोन किलोमीटर जरी रेटली, तरी त्याच्या बाजू दर फेऱ्याला दुमडतात, तापतात आणि आतील नायलॉनच्या धाग्यांची वीण सैल होते. भोक सुईएवढे असले तरी टायर निकामी झालेला असू शकतो. बाहेरून तो धडधाकट दिसतो. उघडला तर आत रबराचा काळा भुसा आणि कडेने सुरकुत्या आढळतात. असा टायर बुजवून पुन्हा रस्त्यावर आणणे याला काटकसर म्हणता येणार नाही.

बाकीचे निकष फारसे गहन नाहीत. भोक रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार पट्ट्याच्या मधल्या भागात असेल आणि सुमारे ६ मिलिमीटरहून मोठे नसेल, तर ते दुरुस्त होते. टायरच्या बाजूच्या भिंतीवरील जखम मात्र दुरुस्त होत नाही, कारण तो भाग सतत लवतो आणि पॅच तेथे तग धरीत नाही. बाहेरून घातलेली दोरी ही घरापर्यंत पोचण्याची सोय आहे. पक्के काम टायर उतरवून, आतून छत्रीच्या आकाराचा दांडीचा पॅच बसवूनच होते. नक्षी झिजली असेल तर पंक्चरचा प्रश्नच उरत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी दुचाकीच्या नक्षीची किमान खोली ०.८ मिलिमीटर ठरविली आहे. टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडे त्याचे वय सांगतात. २३१९ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. एवढे वाचण्यास कोणाही शिक्षकाला वा कारकुनाला यंत्रशास्त्राची पदवी लागणार नाही.

तरीही ग्राहक टायर उघडू देण्यास कचरतो, त्याचे कारण अविश्वास. एका भोकाची तीन भोके करून दाखविणारे कारागीर आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. बंगळुरूच्या बाह्यवळण रस्त्यावर मुद्दाम खिळे पसरल्याच्या तक्रारी गाजल्या होत्या. परंतु या अविश्वासात आपलाही वाटा आहे. आपण भोक बुजविण्याचे पैसे देतो, तपासण्याचे देत नाही. मग अर्धा तास खपून ‘हा टायर टाकून द्या’ असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्याच्या पदरी काय पडावे? त्याचे गिऱ्हाईकही गेले आणि मजुरीही बुडाली. भोकागणिक दर असेल तर भोके वाढणारच.

याउलट, जोखीम नको म्हणून प्रत्येक पंक्चरला टायर बदला, असे सांगणाऱ्यांचा शहाणपणाही तपासून घ्यावा लागेल. विमानांचे टायर एकाहून अधिक वेळा नवा थर चढवून वापरले जातात. एस. टी. महामंडळाचे टायरवर नवा थर चढविण्याचे स्वतःचे कारखाने आहेत. तेथे जुना टायर चालतो, कारण नवा थर चढविण्यापूर्वी तो कसून पाहिला जातो. (दुचाकीच्या टायरवर कोणी गल्लीत नवा थर चढवून देऊ लागला तर मात्र त्याला दुरूनच नमस्कार करावा.) शिवाय टाकलेला टायर नाहीसा होत नाही. तो कुजत नाही, साचलेल्या पाण्यात डास पोसतो आणि अखेर बहुधा तापवून तेल काढणाऱ्या भट्टीत जातो. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्याने अशा भट्ट्यांचा धूर आणि अपघात दोन्ही सोसले आहेत. जुन्या टायरांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी केंद्र सरकारने २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली, हे योग्यच झाले. पण चांगला टायर अकाली त्या ढिगात जाऊ नये ही जबाबदारी कारखान्यावर टाकता येत नाही. ती पदपथावर बसलेल्या त्या माणसाच्या हातात आहे.

आणि त्या माणसाला आपण काय दिले? ‘पंक्चरवाला’ हा शब्द आपल्याकडे कमी शिकलेल्यास हिणविण्यासाठी वापरला जातो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांतील कारागिरांना प्रशिक्षण, ओळखपत्र आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य देऊ केले आहे. त्या यादीत सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, नाभिक, शिंपी, परीट, कुलपे बनविणारे आणि मासेमारीची जाळी विणणारेही आहेत. पंक्चर काढणारा नाही. पारंपरिक व्यवसायांच्या व्याख्येत तो बसत नाही, असे उत्तर यावर मिळू शकेल. परंतु बापाच्या हाताखाली शिकलेला, पन्नास वर्षे एकाच वडाखाली घमेले मांडून बसलेला कारागीर आणखी किती पारंपरिक असावयास हवा? चाकाच्या कडेवरून टायर न फाडता उतरविण्याचे साधे यंत्र, आतून पॅच बसविण्याची अवजारे आणि हवेचा दाब अचूक सांगणारे मापक, एवढ्या गोष्टींची सुरुवात तेवढ्या रकमेत सहज होईल. प्रशिक्षणासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची दारे सायंकाळी उघडी ठेवता येतील.

दर ठरविण्याला मात्र सरकारची वाट पाहावी लागत नाही. दुकानाच्या फळीवर ‘पंक्चर’ या शब्दाखाली ‘टायर उघडून तपासणी’ अशी दुसरी ओळ आणि तिच्यापुढे वेगळी मजुरी लिहिली जावी, आणि टायर टाकाऊ निघाला तरी ती मजुरी गिऱ्हाइकाने कुरकूर न करता मोजावी.