टर्बो-३५० खाली उतरवताना

जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबाइलवर ५७ डॉलर जादा घेऊन ‘हायड्रा-मॅटिक’ द्यायला सुरुवात केली आणि अमेरिकन ड्रायव्हरचा डावा पाय रिकामा झाला. मोठ्या प्रमाणावर बनलेला तो पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पुढे रोल्स-रॉइससारख्या कंपनीनेही तोच घेतला. त्याच घराण्यातला, पण सामान्य माणसाच्या गाडीत बसलेला वारस म्हणजे टर्बो-हायड्रामॅटिक ३५०. तो १९६९ च्या मॉडेलांबरोबर आला आणि शेव्हरोलेच्या दोन गिअरच्या पॉवरग्लाइडला त्याने हळूहळू निवृत्त केलं. नोव्हा, कमॅरो, शेव्हेल अशा गाड्यांखाली तो आजही सापडतो आणि हौशी मालक घरच्या गॅरेजात आडवे पडून तो उतरवतात. कधी सील गळतं, कधी आतल्या क्लच प्लेटा जळतात, तर कधी ओव्हरड्राइव्हचा चौथा गिअर हवा असतो.

हे काम घरी जमतं याचं कारण त्याच्या रचनेत आहे. गिअर कधी बदलायचा, या निर्णयात विजेचा काही संबंध नाही. मागच्या शाफ्टबरोबर फिरणारा गव्हर्नर गाडीचा वेग ऑइलच्या दाबातून सांगतो. बाजूचा मॉड्युलेटर एका नळीतून इंजिनचं व्हॅक्यूम ओळखतो, म्हणजे इंजिनवर भार किती आहे ते सांगतो. खालची व्हॉल्व्ह बॉडी या दोन दाबांची तुलना करते आणि गिअर पडतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की कार्ब्युरेटरकडून आलेली एक केबल खालचा गिअर घ्यायला लावते. मोठा भाऊ टर्बो-४०० हेच काम विजेच्या स्विचवर करतो. मला केबलच बरी वाटते, तुटली तर तुटलेली दिसते तरी. पद्मिनीचा स्टिअरिंगवरचा गिअर ओढत गाडी शिकलेल्या आपल्याकडच्या मेकॅनिकने ही व्हॉल्व्ह बॉडी उघडली तर तो आधी घाबरेल आणि मग तासभर जागचा हलणार नाही.

उतरवण्याची सुरुवात बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून होते. गाडी चारही स्टँडवर पक्की उभी हवी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरणं म्हणजे जिवाशी खेळ. मग ऑइल. पॅनला सहसा ड्रेन प्लगच नसतो. १३ बोल्ट असतात, ते एका बाजूने सैल करत पॅन कलता करायचा. तरीही पॅनमधून येतं ते थोडंच, उरलेलं इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये दडून बसतं आणि पुढे नको त्या क्षणी बाहीत शिरतं. पॅनच्या तळाशी बोट फिरवावं. राखाडी बारीक गाळ हा नेहमीच्या झिजेचा. चमकणारे धातूचे कण दिसले किंवा ऑइल काळं पडून त्याला करपल्याचा वास आला, तर आतला खर्च मोठा आहे. त्या काळच्या ऑइलात घर्षण नेमकं राहावं म्हणून स्पर्म व्हेलचं तेल मिसळत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली तेव्हा कंपन्यांची चांगलीच धावपळ झाली.

पुढचं काम म्हणजे एकेक नातं तोडणं. प्रोपेलर शाफ्ट खुणा करून काढायचा, म्हणजे परत होता तसाच बसतो. रेडिएटरकडे जाणाऱ्या ऑइलच्या दोन नळ्या, स्पीडोमीटरची केबल, लिंकेज, व्हॅक्यूमची नळी, डिपस्टिकची नळी. खालचं झाकण काढलं की इंजिनला कन्व्हर्टरशी जोडणारी फ्लेक्सप्लेट दिसते. इंजिन हाताने थोडं थोडं फिरवत कन्व्हर्टरचे तीन बोल्ट एकेक करून समोर आणायचे.

खरी कसोटी बेल हाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनला टेकणाऱ्या पुढच्या तोंडाच्या, वरच्या बोल्टांची. ते फायरवॉल आणि इंजिनच्या सांदीत लपलेले असतात, पाना पोचत नाही. उपाय असा, की गिअरबॉक्स जॅकवर तोलून मागचा क्रॉसमेंबर काढायचा आणि शेपटी खाली सोडायची. गिअरबॉक्सच्या अंगावरून जी फट तयार होते, तिच्यातून लांब एक्स्टेंशन थेट वर जातं. पण शेपटी जास्त सोडली तर इंजिन मागे कलतं आणि शेव्हरोलेच्या व्ही-८ चा डिस्ट्रिब्युटर पाठीमागेच असल्याने त्याची टोपी फायरवॉलला लागून फुटते. म्हणून इंजिनखाली लाकडाचा ठोकळा आणि जॅक आधीच हवा.

कोरडा गिअरबॉक्स साधारण ५५ किलोचा, आणि कन्व्हर्टरचं वजन वेगळं. तो छातीवर झेलून उतरवल्याच्या फुशारक्या खूप ऐकू येतात. त्या तरुण वयातच राहाव्यात. भाड्याने मिळणारा ट्रान्समिशन जॅक त्यापेक्षा स्वस्त पडतो. मागे सरकवताना कन्व्हर्टर गिअरबॉक्सबरोबरच यायला हवा. त्याला पट्टी आवळून ठेवली नाही, तर तो पुढच्या बाजूने निसटून पायावर पडतो.

बसवताना बरोबर उलट क्रम, पण एक अट जास्त. कन्व्हर्टर फिरवत आत ढकलला की तो एकेक टप्पा पकडत खोल बसतो, आणि शेवटचा टप्पा पंपाचा असतो. बेल हाउसिंग इंजिनला हाताने पूर्ण टेकलं, तरी कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून त्याला तीन-चार मिलिमीटर अंतर राहिलं पाहिजे. ते नसेल तर बोल्ट आवळून फट मिटवायचा मोह आवरावा. आवळला, की पुढचा पंप फुटतो आणि सगळं पुन्हा खाली उतरवावं लागतं.