समुद्रावरील तेल आणि गाळणीचा पडदा

बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील भालकी-आळंदच्या परिसरापासून समुद्र फार दूर. तरीही समुद्रजल शुद्ध करणाऱ्या साधनाची ओळख या भागातील गृहिणीला आहे. अनेक गावांत नाणे टाकताच घागरभर शुद्ध पाणी देणारी यंत्रे बसविलेली आहेत. त्यांच्या पोटात गाळणीचा पातळ पडदा असतो. तेलाने नासलेले समुद्रजल अशा पडद्याने शुद्ध होईल काय?

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडले. ते खारफुटीला चिकटले आणि कोळ्यांच्या पोटावर पाय आला.

पाण्यावरील तवंग तरत्या अडसरांनी घेरून उपसता येतो. परंतु लाटांच्या घुसळणीने तेलाचे काही सूक्ष्म थेंब दुधातील स्निग्धांशाप्रमाणे पाण्यात विखुरतात. दुधावर निदान साय धरते. हे थेंब मात्र लवकर वर येत नाहीत.

येथे पडदा कामास येतो. त्याची छिद्रे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही बारीक असतात. दाबाखाली पाणी पलीकडे जाते, तेल अलीकडे अडते. छिद्रे बुजू नयेत म्हणून पाणी पडद्याला घासून वाहते ठेवतात आणि मधूनमधून उलट्या दिशेने पाणी सोडून तो धुतात. मीठ मात्र या छिद्रांतून पार होते. ते अडविणारा अधिक घट्ट पडदा १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतीय शास्त्रज्ञ श्रीनिवास सौरिराजन यांनी सिद्ध केला. तेलाने तो लवकर निकामी होतो. म्हणून पाण्यातील तेल आधी काढावे लागते.

अर्थात, सबंध समुद्र गाळणे अशक्यच होय. उपसून घेतलेले पाणी, किंवा जहाजाच्या तळाशी साचलेले तेलकट पाणी, हेच या पडद्याचे खरे क्षेत्र. असे पाणी समुद्रात सोडताना त्यात दहा लाख भागांस तेलाचे १५ हून अधिक भाग नसावेत, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

पडदा मळ वेगळा करतो, नाहीसा करीत नाही. अडलेल्या तेलाची विल्हेवाट माणसालाच लावावी लागते. गावच्या यंत्रातून बाहेर पडणारे क्षारयुक्त पाणी विहिरीजवळ मुरू न देणे, हाही त्याच शहाणपणाचा भाग होय.