उंदराच्या मापाची कॉइल

कुणाचा एमआरआय झाला की घरी येऊन आधी त्या मशीनच्या खडखडाटाचं वर्णन होतं. पण गुडघ्याभोवती किंवा डोक्यावर पिंजऱ्यासारखं काहीतरी बसवतात, ते फारसं कुणी सांगत नाही. शरीरातून येणारी साद ऐकायचं काम मात्र तेच करतं. त्याला कॉइल म्हणतात, म्हणजे तांब्याचं वेटोळं. आज आम्ही बोलणार आहोत उंदरासाठी बनवलेल्या कॉइलबद्दल. हसू नका! माणसांची कितीतरी औषधं आधी उंदरांवर तपासली जातात.

आपल्या अंगात पाणी पुष्कळ. पाण्यातल्या हायड्रोजनचे कण मोठ्या चुंबकात आले की एका ठरावीक रेडिओ लहरीलाच साद देतात. चुंबकाची ताकद टेस्लात मोजतात. एका टेस्लामागे सुमारे ४२.६ मेगाहर्ट्झ असा हिशोब. दवाखान्यातलं दीड टेस्लाचं मशीन ६४ मेगाहर्ट्झवर चालतं, तीन टेस्लाचं १२८ वर. आपलं एफएम ८८ ते १०८, म्हणजे बरोबर या दोघांच्या मधे! म्हणून तर त्या खोलीला आतून तांब्याचा पत्रा लावतात, बाहेरच्या लहरी आत शिरू नयेत म्हणून. आणि घाबरू नका, या लहरी एक्स-रेसारख्या नसतात. अंगाला थोडी ऊब येते, तिलाही मर्यादा घातलेली असते.

आता उंदीर. वजन पंचवीस-तीस ग्रॅम, मेंदू शेंगदाण्याएवढा. माणसाच्या चित्रातला एक ठिपका साधारण एक मिलिमीटरचा चालतो, उंदराला तो ०.१ मिलिमीटरचा लागतो. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दहापट कमी, म्हणजे ठिपका हजारपट लहान. त्यातून येणारी सादही हजारपट बारीक. मग जास्त वेळ ऐकत बसावं, तर चित्र दुप्पट स्पष्ट व्हायला वेळ चौपट लागतो. भूल दिलेला उंदीर पटकन गार पडतो, त्याला तासन्‌तास ठेवता येत नाही.

त्यामुळे चुंबक तगडं घेतात, सात किंवा ९.४ टेस्लाचं, आणि कॉइल मापाची करतात. मापाची म्हणजे बांगडीसारखी अंगासरशी. माणसाच्या कॉइलमध्ये उंदीर ठेवणं म्हणजे भरल्या मांडवाच्या दुसऱ्या टोकाला कुजबुजणारं मूल ऐकणं.

तांब्याच्या या वेटोळ्याला कपॅसिटर जोडतात. शेतातल्या मोटरला लावतो तोच प्रकार, फक्त अगदी बारका, आणि त्यात लोखंड-निकेल चालत नाही. कपॅसिटर कमी-जास्त करून कॉइल नेमक्या लहरीवर आणायची, रेडिओवर स्टेशन लावतो तशी. एरियलला हात लावला की रेडिओचा आवाज बदलतो ना? तसंच उंदीर आत सरकवला की कॉइलचा सूर हलतो, म्हणून ती पुन्हा लावून घ्यावी लागते.

आकार कोणता, ते काय बघायचंय त्यावर. डोक्यावर ठेवलेलं छोटं वेटोळं जवळचं छान ऐकतं, पण त्याच्या निम्म्या रुंदीपेक्षा खोल गेलं की साद विरत जाते. सगळं अंग सारखं दिसायला हवं असेल तर दोन कड्यांना उभ्या पट्ट्या जोडून पक्ष्याच्या पिंजऱ्यासारखी कॉइल करतात. ती रचना १९८५ सालची, आणि मुळात माणसांसाठी केलेली.

आम्हाला सगळ्यात नवल वाटलं ते खरखरीचं. माणसाच्या एमआरआयमध्ये बरीचशी खरखर शरीरातूनच येते. कॉइल उंदराएवढी लहान झाली की खुद्द तांबंच जास्त खरखर करतं. मग तांबं किती चांगलं, डाग किती नीट दिलाय, सगळ्याला महत्त्व येतं. काही ठिकाणी कॉइल उणे २५० अंशांच्या आसपास गार करतात आणि मधे आडोसा ठेवून उंदराला उबेत ठेवतात. त्याने साद दुपटीने ठळक होऊ शकते, म्हणजे चार तासांचं काम तासाभरात.

खरं तर ही विद्या लहान जिवांपासूनच सुरू झाली. पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली पहिलं असं चित्र छापलं, ते पाण्याच्या बारीक नळ्यांचं. त्यांच्या यंत्रात माणूस मावतच नव्हता. मग त्यांच्या मुलीने किनाऱ्यावरून आणलेल्या चार मिलिमीटरच्या शिंपल्याचं चित्र त्यांनी काढलं. २००३ साली त्यांना नोबेल मिळालं, पीटर मॅन्सफिल्ड यांच्यासोबत.

पूर्वी आतली गाठ दर आठवड्याला किती वाढली हे बघायला दर वेळी वेगळे उंदीर मारून कापावे लागत. चांगली कॉइल असेल तर तोच उंदीर पहिल्या आठवड्यात बघता येतो, दुसऱ्यात बघता येतो, औषध दिल्यावरही बघता येतो. दर वेळी तो भुलीतून उठून पुन्हा आपल्या पिंजऱ्यात दाणे खायला लागतो.