मोबाईलवर येणारी बनावट ‘योजना’

बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल पाहतो, लॉट नंबर पाहतो, पक्की पावती मागतो. मोबाईलमध्ये अ‍ॅप घेताना मात्र कोणी काही बघत नाही. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘पीएम किसान’ नावाची फाईल पडते आणि हप्ता अडकलेला माणूस लगेच त्यावर बोट ठेवतो. फाईलच्या नावाशेवटी ‘एपीके’ ही तीन इंग्रजी अक्षरे असली तर तिथेच थांबा. ती कागद नव्हे, अ‍ॅप आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच मराठवाड्यात, हिंगोलीत, एका सरकारी कर्मचाऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली. ती उघडली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. पत्रिका कसली, एपीके फाईलच होती ती.

असे अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागते. आपण ‘अलाऊ’ दाबत जातो. मग बँकेचा ओटीपी थेट भामट्याच्या हाती लागतो. पुढे तीच फाईल आपल्या नावाने पाहुण्यारावळ्यांना जाऊ शकते. म्हणून ओळखीच्या नंबरवरून आली एवढ्यावर भरवसा ठेवू नये.

सिल्लोडकडे मिरची-मक्याची पट्टी, पीकविमा, पीएम किसानचे २ हजार, सगळे बहुतेकांच्या एकाच खात्यात येते. त्या खात्याला जोडलेला फोन संध्याकाळी पोरांच्या हातात असतो! आणि खरे सांगायचे तर आमच्या खात्याचे निरोपही व्हॉट्सअ‍ॅपवरच फिरतात. सरकारी शिक्का दिसला की शेतकऱ्याला खरे वाटणारच, त्याला दोष कसा द्यावा?

सरकारी अ‍ॅप प्ले स्टोअरवरूनच घ्यावे. तिथेही बनवणाऱ्याचे नाव वाचावे. पीएम किसानच्या ई-केवायसीला अ‍ॅपच लागते असे नाही, गावच्या सेवा केंद्रात अंगठा देऊनही ती होते.

फाईल बसलीच तर आधी फोनचे इंटरनेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खाते थांबवा आणि पैसे गेले असतील तर १९३० वर कळवा. चोराने रक्कम काढण्याआधी तक्रार पोचली तर ती त्याच्या खात्यात गोठवता येते. ‘बाजारच्या दिवशी सिल्लोडला जाऊ तेव्हा बघू’ म्हणाल तर हाती काही लागणार नाही. फोन दुकानदाराकडून साफ करून घेण्याआधी त्या निरोपाचा आणि बँकेच्या एसएमएसचा दुसऱ्या मोबाईलने फोटो काढून ठेवा. पोलिसांत तक्रार देताना तो लागतो.